बर्नआऊट आणि समुपदेशन : एका बँक शाखाधिकाऱ्याचं प्रकरण

फिजिशियनच्या चिठ्ठीवर मोजकाच मजकूर होता. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, बी-१२ ठीक, हिमोग्लोबिन १०.२, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. खाली एक ओळ : ‘धडधड, ॲसिडिटी, झोप नाही. कामाचा ताण दिसतो, कृपया बघावे.’ चिठ्ठी घेऊन आलेल्या बाई एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखाधिकारी होत्या. वय ४१. दोन वर्षांपूर्वी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झालेली. नवरा आणि आठवीतला मुलगा सासूबाईंबरोबर कोल्हापुरात, त्या स्वतः शाखेपासून जवळच एका भाड्याच्या खोलीत. महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार असेल तर शुक्रवारी रात्रीची एसटी, नाहीतर शनिवारी संध्याकाळची, आणि सोमवारी पहाटे परत. गावात सगळे त्यांना ‘मॅनेजर मॅडम’ म्हणतात. इथेही मी मॅडमच म्हणते.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि याच नोकरीतल्या दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केले आहेत. त्यामुळे यात कुणी विशिष्ट बँक किंवा माणूस शोधू नये.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं त्याला कारण आहे. कामाने पार थकून गेलेल्या माणसाला समुपदेशनाचा काय उपयोग, याबद्दल दोन समज सतत भेटतात. एक, नुसतं बोलून काय होणार, टार्गेट तर तेच राहणार. दुसरा, समुपदेशकाने माणसाला इतकं खंबीर करावं की तो कितीही भार ओढेल. मला दुसरा समज जास्त घातक वाटतो, कारण वरिष्ठ, घरचे आणि पुष्कळदा तो थकलेला माणूस स्वतःही हीच मागणी घेऊन येतो. मॅडमचं पहिल्या भेटीतलं वाक्य होतं, ‘डॉक्टर, मार्च एंडपर्यंत ओढता येईल असं काहीतरी करा. नंतरचं नंतर बघू.’

काय घडत होतं

शाखेत मंजूर पदं पाच, प्रत्यक्षात माणसं तीन : मॅडम, एक नवीन लागलेला अधिकारी आणि एक कॅशिअर. शिपाई रोजंदारीवर. खाती हजारोंनी, त्यात बहुतेक शेतकरी. खरिपाची पीक कर्जं, जुन्या कर्जांचं नूतनीकरण, कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की काढायला उसळणारी गर्दी, थकीत खात्यांच्या वसुलीसाठी गावोगाव फेऱ्या, हे सगळं नेहमीचंच होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारची ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली आणि शाखेचं रूपच पालटलं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येणार, म्हणून सकाळी आठपासून बायकांची रांग लागायची. कुणाचं आधार दुसऱ्याच बँकेत जोडलेलं, कुणाचं केवायसी सात वर्षांपूर्वीचं, कुणाचा मोबाइल नंबर मुंबईला गेलेल्या मुलाचा. ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांचे मिळून तीन हजार रुपये जमा व्हायला लागले, तेव्हा रांग गेटच्या बाहेर गेली.

वरच्या कार्यालयाच्या लेखी मात्र ही गर्दी म्हणजे काम नव्हतं. संध्याकाळच्या व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, विचारलं जायचं ते विम्याच्या पॉलिसी किती, सोनेतारण किती, एनपीए म्हणजे थकीत कर्जांचा आकडा किती खाली आला. आठवड्यातून एक ‘लॉगिन डे’, त्या दिवशी प्रत्येक शाखेने ठरावीक पॉलिसी आणायच्याच. कामाचे म्हणून पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुप. दर दोन तासांनी आकडा टाकायचा. रात्री पावणेअकराला ‘उद्याचा प्लॅन?’ असा मेसेज, आणि त्याखाली एकापाठोपाठ उत्तरांची रांग. कुणाचं उत्तर आलं नाही तर नाव घेऊन विचारणा.

मी एक आठवडा तासांची नोंद करायला सांगितली. त्यांनीच बेरीज केली : ६४ तास. प्रवास धरला नाही, ग्रुपवरची उत्तरंही धरली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे मी त्यांना सांगितलं ते घाबरवण्यासाठी नाही. ‘माझंच मन कच्चं आहे’ हे त्यांचं निदान तिथल्या तिथे खोडणं गरजेचं होतं.

सकाळी शाखेजवळ येऊन स्कूटर लावल्यावर त्या पंधरा-वीस मिनिटं समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभ्या राहायच्या. पाय उचलायचे नाहीत. एकदा आत शिरल्या की मग यंत्रासारखं काम. पण त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त हलवलं ते एका आजींच्या बाबतीत. आजी तिसऱ्यांदा आल्या होत्या, अंगठा मशीनवर उमटत नव्हता. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, ‘पुढच्या सोमवारी या.’ आजी म्हणाल्या, ‘बाई, माझ्याकडं बघ तरी.’ मॅडमनी बघितलं, आणि त्यांच्याच शब्दांत, ‘मला काहीच वाटलं नाही. राग नाही, दया नाही. समोर एक काम उभं आहे, एवढंच.’ हे सांगताना त्या रडल्या नाहीत. आपण रडत का नाही, याचीच त्यांना भीती वाटत होती.

बर्नआऊट की नैराश्य

‘बर्नआऊट’ हा शब्द मानसशास्त्रात रुळला तो हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसतज्ज्ञामुळे. १९७४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल आणि स्वतःबद्दलही लिहिलं होतं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगं मांडली : शक्ती पूर्ण आटणं, समोरच्या माणसांबद्दल मन कोरडं पडणं, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. मॅडमच्या बोलण्यात तिन्ही होती, आणि आजींचा प्रसंग दुसऱ्याचं इतकं स्पष्ट उदाहरण होता की वेगळी प्रश्नावली लावायचीही गरज वाटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, बर्नआऊटची नोंद आहे. पण ती आजार म्हणून नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून उद्भवणारी, नोकरीशी जोडलेली अवस्था, अशी ती नोंद आहे. म्हणजे मूळ माणसात नाही, माणूस आणि काम यांच्यातल्या संबंधात आहे. या प्रकरणात पुढे जे काही केलं ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पण बर्नआऊट म्हणून मोकळं होता येत नाही, कारण त्याच्या आडून नैराश्य येऊ शकतं. नैराश्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. २७ पैकी १४, म्हणजे मध्यम पातळीच्या वरच्या टोकाला. चिंतेच्या जीएडी-७ वर २१ पैकी ११. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्यापुढे त्यांनी ‘काही दिवस’ यावर खूण केली होती. अशा वेळी आडवळणाने विचारू नये. मी सरळ विचारलं, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ त्या म्हणाल्या, ‘तसं नाही. पण रात्री झोपताना वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.’ ठरवलेलं काही नव्हतं, साधन जवळ नव्हतं, मुलाचा विचार मनात घट्ट होता. तरीही त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि असा विचार वाढला तर कुणाला फोन करायचा ती नावं कागदावर लिहून घेतली. त्यात नवरा, शेजारच्या काकू आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर होता. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञांनी लगेच औषध न देता तीन आठवडे थांबून बघायचं ठरवलं. तोवर दिवाळी होती, आणि तिने निदानाला मदतच केली. घरी गेल्यावर पहिल्या दिवशी त्या नुसत्या झोपून होत्या. पण लक्ष्मीपूजनाला त्यांनी मुलाबरोबर आकाशकंदील दुरुस्त केला, पाडव्याला चुलत बहिणींबरोबर मनापासून हसल्या, करंज्यांना चव लागली. भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी दुपारी बॅग भरायला घेतली आणि धडधड पुन्हा सुरू झाली. कामापासून दूर गेल्यावर मन उघडत होतं, काम जवळ आलं की मिटत होतं. नैराश्य खोल असतं तेव्हा सुट्टीतही चव परत येत नाही. तीन आठवड्यांनी औषधाची गरज नाही असं ठरलं. सगळ्यांच्या बाबतीत असं ठरत नाही, आणि औषध लागलं तर ते घेण्यात काही कमीपणा नाही, हेही त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं.

आधी झोप

थकलेल्या मेंदूशी विचारांवर वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून सुरुवात झोपेपासून. रात्री अकराला अंथरुणावर पडायचं, दोनपर्यंत छताकडे बघत राहायचं, मधे सहा वेळा फोन बघायचा, असा क्रम होता. आता झोप येईल तेव्हाच पडायचं. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून खुर्चीत बसायचं. पहाटे साडेपाचला काही झालं तरी उठायचं. दुपारच्या जेवणानंतर चहा नाही. यात फोन हाच खरा अडथळा होता. ‘रात्री उत्तर दिलं नाही तर?’ या प्रश्नावर पहिले दोन आठवडे गाडी अडली. शेवटी एक प्रयोग ठरला : साडेनऊनंतर ग्रुप म्यूट, मात्र चोरी, आग, एटीएमचा बिघाड अशा तातडीसाठी कॅशिअर थेट फोन करेल. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या मेसेजला न दिलेल्या उत्तरांमुळे काय झालं ते त्यांनी लिहून आणलं. दोनदा सकाळी विचारणा झाली, एकदा ‘मॅडम बिझी दिसतात’ असा मेसेज आला. बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या घरातूनच सापडली. वडील पोस्टमास्तर होते. संध्याकाळचा हिशेब चार आण्यांनी चुकला तरी तो जुळेपर्यंत घरी यायचे नाहीत, आणि जुळला की निवांत. मॅडमचा सगळा अभिमान त्याच शिस्तीवर उभा होता. बँकेत कॅश रोज संध्याकाळी जुळते. टार्गेट मात्र कधीच जुळत नाही, कारण पूर्ण झालं की पुढच्या तिमाहीत ते वाढलेलं असतं. जुळल्याशिवाय निघायचं नाही या शिकवणीने वाढलेलं माणूस न जुळणाऱ्या हिशेबापाशी अडकलं होतं. म्हणून आम्ही दिवसाची स्वतःची क्लोजिंग ठरवली. सात वाजता वहीत तीन नोंदी : आज काय झालं, काय राहिलं, आणि राहिलेल्यातलं माझ्या हातातलं किती. वही मिटली की दिवस बंद. पहिल्याच आठवड्यात वहीत लिहिलेलं होतं : ‘आज ११२ बायकांचं आधार जोडलं. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही.’ ही ओळ पुढच्या कितीतरी भेटींना पुरली.

विचारांची तपासणी

विचारांसाठी मी मुख्यतः आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार वापरला. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके आणि पुढे ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठी माणसाला चांगली परिचित झाली आहे. घटना आपल्याला थेट दुखवत नाही, तिच्याबद्दलची आपली धारणा मधे असते, ही तिची बैठक. पण इथे एक सावधगिरी लागते. धारणा तपासायची म्हणजे परिस्थिती ठीकच आहे, तुम्हीच तिला वाईट समजता, असं सुचवायचं नाही. तीन माणसांत पाच जणांचं काम होणार नाही, हा विचार अविवेकी नाही. तो बरोबर आहे. तपासायची ती त्याच्यामागे लपलेली शिक्षा.

एका भेटीतलं संभाषण साधारण असं झालं :

‘टार्गेट चुकलं तर?’

‘व्हीसीवर नाव घेतील.’

‘घेतलं तर?’

‘सगळ्या मॅनेजरांना कळेल की मला जमत नाही.’

‘ज्यांची नावं दर आठवड्याला घेतली जातात, त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’

त्या थांबल्या. ‘त्या शाखा अवघड आहेत असं वाटतं. माणूस वाईट आहे असं नाही वाटत.’

‘मग तुमच्या बाबतीत निकष वेगळा का?’

याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. पुढच्या वेळी वहीत लिहून आणलं होतं : ‘नाव घेतलेलं मला आवडणार नाही. पण नाव घेतलं म्हणून मी नालायक ठरत नाही.’ वाक्य सोपं आहे. ते व्हीसी चालू असताना आठवणं अवघड, म्हणून सरावही तिथेच करायचा ठरलं. नाव घेतलं गेलं की खुर्चीत पाठ टेकायची, श्वास सावकाश सोडायचा, आकडा सांगायचा आणि थांबायचं. स्पष्टीकरणांची माळ लावायची नाही.

ती पॉलिसी

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि नोकरी यांच्यात बेबनाव होण्याच्या सहा जागा सांगितल्या आहेत : कामाचा भार, स्वतःच्या कामावरचं नियंत्रण, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक, आणि मूल्यं. मी सहा रकाने आखून दिले आणि जिथे सर्वात जास्त बोचतं तिथे खूण करा म्हटलं. मला वाटलं होतं, भार. त्यांनी पेन शेवटच्या रकान्यावर ठेवलं.

मग ती गोष्ट बाहेर आली. लॉगिन डेच्या दिवशी एक वयस्क मावशी दोन लाखांची मुदत ठेव मोडून नवीन ठेवायला आल्या होत्या. नातवाच्या नावाने वर्षाला पन्नास हजार हप्त्याची विमा पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली गेली. फॉर्म अधिकाऱ्याने भरला, सही मॅडमची. पुढच्या वर्षीचे पन्नास हजार मावशी कुठून आणणार, हे दोघांनाही माहीत होतं. ‘मावशींनी जाताना मला हात जोडले,’ मॅडम म्हणाल्या, ‘मॅडम म्हणतात म्हणजे चांगलंच असणार, असं म्हणाल्या.’ या भेटीत त्या पहिल्यांदा रडल्या.

थकव्याच्या तळाशी पुष्कळदा हे असतं. तास जास्त होते हे खरंच, पण माणूस जास्त तास सोसतो. आपल्याला जे चुकीचं वाटतं तेच रोज आपल्या हाताने करावं लागणं सोसत नाही, आणि मग मन एकच उपाय करतं : वाटणंच बंद करतं. आजींकडे मान वर करून न बघणारी बाई आणि मावशींच्या फॉर्मवर सही करणारी बाई यांच्यातला धागा मॅडमनीच जोडला. त्या म्हणाल्या, ‘चेहरा बघितला तर सही करता येणार नाही, म्हणून बघणं सोडलं असेन.’ मी या वाक्यात काही भर घातली नाही.

इथे समुपदेशकाला एक सोपी वाट खुणावते : अपराधीपणा कमी करायचा, ‘व्यवस्थाच तशी आहे’ म्हणून समजूत घालायची. मला ती बरोबर वाटत नाही. हा अपराधीपणा निरोगी होता, तो काहीतरी करायला सांगत होता. काय करता येईल, याची चौकशी त्यांनीच केली. २०२४ च्या नव्या नियमांनुसार विमा पॉलिसीची कागदपत्रं हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. जोखमीचा प्रमाणशीर भाग, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून हप्ता परत मिळतो. मावशींची मुदत संपायला आठवडा राहिला होता. मॅडमनी त्यांना बोलावून अर्ज भरून घेतला, पैसे परत ठेवीत टाकले. शाखेचा आकडा एकने कमी झाला, वरून लेखी विचारणा आली, आणि त्यांनी एका परिच्छेदात खरं कारण लिहून पाठवलं. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईतल्या एका बँकिंग परिषदेत बँकांनी गळ्यात मारलेल्या विम्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मॅडम त्या बातमीचं कात्रण घेऊन आल्या. आपण एकट्याच वेड्या नाही, एवढा आधार त्यातून मिळाला.

बोलण्याची तालीम

डिसेंबरभर आम्ही ‘नाही’ म्हणण्याचा सराव केला. मी रीजनल मॅनेजर व्हायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. सुरुवातीला त्यांचं प्रत्येक उत्तर ‘सॉरी सर’ने सुरू व्हायचं. शेवटी जमलेलं उत्तर होतं : ‘सर, या आठवड्यात एक पॉलिसी होईल. ग्राहकाला परवडणारी आहे, मी स्वतः समजावून सांगितली आहे. तीन होणार नाहीत.’ शिवाय कर्मचाऱ्यांच्या मागणीचं पत्र. त्यात तक्रारीचा सूर नको, आकडे हवेत : महिन्याचे व्यवहार, रिकामी पदं, आधार जोडणीचे अर्ज, निवडणुकीच्या ड्यूटीत अडकलेले दिवस. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि तीनपैकी एका माणसाला त्यासाठी प्रशिक्षणालाही जावं लागलं होतं. पत्राला उत्तर आलं नाही. फोनवर साहेब चिडले. पण जानेवारीत शेजारच्या शाखेतला एक क्लार्क आठवड्यातले तीन दिवस इकडे पाठवला गेला.

एका भेटीला नवरा आला होता. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, शांत माणूस. ‘अगं, मी सोड म्हणतो ते तुझ्या भल्यासाठीच,’ हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मॅडमना ते वाक्य ‘तुझ्याच्याने होत नाही’ असं ऐकू यायचं. नोकरी सोडायची की नाही हा त्यांचाच निर्णय, पण झोप नसताना, जीव नकोसा झालेला असताना तो घेऊ नये, एप्रिलनंतर घ्यावा, इतकं तिघांनी मान्य केलं. गृहकर्जाचा हिशेब नवऱ्याने कागदावर मांडला, आणि सोडायचीच झाली तर सोडता येईल हे दिसल्यावर मॅडमचा चेहरा सैल झाला. दार उघडं आहे हे कळलं की आत थांबणं वेगळं वाटतं.

गावात गुरुवारी भजनी मंडळ बसायचं. कॉलेजात त्या गायच्या, म्हणून तिथे जायचं ठरलं. पहिल्या गुरुवारी अभंग संपायच्या आतच एकीने पासबुक काढलं. पुढच्या गुरुवारी शेजारच्या काकूंनी सगळ्यांना बजावलं, इथं बँकेचं नाव काढायचं नाही. त्यानंतर मॅडमनी गुरुवार चुकवला नाही.

सक्तीची रजा

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी मेल आला : आजपासून सक्तीची रजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांना संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावं लागतं. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा. त्या काळात सर्वसाधारण मेल सोडली तर कामाच्या कुठल्याच प्रणालीत त्या माणसाला शिरता येत नाही. या बँकेच्या यादीत शाखाधिकारी होते. आदल्या वर्षी ही रजा मॅडमनी शाखेत फोनवरून सूचना देत घालवली होती. या वेळी त्यांनी मला फोन करून विचारलं, ‘मी खरंच जाऊ का?’ नियमच तसा आहे, मी म्हटलं.

दहा दिवसांत शाखा चालली. एक खातं थकीत गेलं, एक दुरुस्त झालं. मॅडम मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पूर्ण वेळ बसल्या. फसवणूक रोखण्यासाठी केलेला हा नियम विश्रांतीचा सर्वात भक्कम आधार ठरावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. परवानगी मागावी लागत नाही, कमीपणा वाटत नाही, कुणी नाव ठेवत नाही. बाकीच्या नोकऱ्यांतही अशी न मागता मिळणारी सलग रजा असायला हवी.

मार्चनंतर

मार्च एंड आला आणि नेहमीसारखाच गेला, रात्री दहा-दहापर्यंत शाखा उघडी. त्या महिन्यात झोप पुन्हा बिघडली, वही आठवडाभर कोरी राहिली. पण नवव्या प्रश्नापुढे खूण नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये पीएचक्यू ६, जीएडी ५. नोकरी सोडायची नाही असं त्यांनी ठरवलं. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या कारणाने कोल्हापूर परिसरात बदलीचा अर्ज मात्र दिला.

या सगळ्यातून समुपदेशनाने काय केलं आणि काय केलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. झोप परत आणली, मरणाचा विचार गेला, वाटणं परत आलं, स्वतःचं आणि व्यवस्थेचं ओझं वेगळं करता आलं, तोंड उघडता आलं. टार्गेट कमी झालं नाही. दोन रिकामी पदं भरली गेली नाहीत. रात्रीचे मेसेज थांबले नाहीत. बर्नआऊटवरच्या उपाययोजनांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा आहे. त्यात दिसतं की फक्त व्यक्तीवर केलेल्या उपायांचा परिणाम साधारण सहा महिन्यांत ओसरतो. व्यक्तीबरोबर कामाच्या ठिकाणीही बदल केले तर तो वर्षभर आणि पुढेही टिकतो. म्हणून पुढच्या भेटींमध्ये आम्ही घसरणीच्या खुणा लिहून काढल्या. मॅडमच्या तीन : रसवंतीपाशी थांबणं, सलग दोन गुरुवार चुकणं, ग्राहकाच्या चेहऱ्याकडे न बघणं. तिसरी खूण दिसली की कॅशिअरने सांगायचं, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं आहे. एका वरिष्ठाने कनिष्ठाला असा हक्क देणं बँकेत सहसा घडत नाही.

जूनमध्ये त्या आल्या त्या कुणाच्या चिठ्ठीशिवाय, स्वतः वेळ घेऊन. यंदाच्या बदल्यांच्या यादीत नाव नव्हतं. तीन दिवसांचा क्लार्क परत गेला होता. विम्याचं टार्गेट वाढलं होतं. रसवंतीपाशी थांबणं दोनदा झालं, म्हणून आले, असं म्हणाल्या. रीजनल ऑफिसला पाठवायच्या दुसऱ्या पत्राचा मसुदा बरोबर होता. पहिल्या पत्राचा संदर्भ, तारीख, व्यवहारांचे आकडे, आणि शेवटी एक ओळ : उत्तर न आल्यास हेच पत्र अधिकारी संघटनेमार्फत पाठवेन. त्यात मला काही बदलावं लागलं नाही. पुढची भेट ऑगस्टमध्ये ठरली आहे.